खाड्याची मजुरी कोणी द्यावयाची?

कोविडची दुसरी लाट भरात येत असताना, ४ एप्रिल २०२१ रोजी, महाराष्ट्र शासनाने 'ब्रेक द चेन' या नावाने एक आदेश काढला. त्या लांबलचक आदेशातील दुकाने, उपाहारगृहे, लग्नसमारंभ यांविषयीची कलमे वृत्तपत्रांनी ठळकपणे छापली आणि त्यांवर वादही पुष्कळ झाले. बांधकामाविषयीचे कलम मात्र फारसे कोणाच्या नजरेत भरले नाही. मजूर जेथे कामाच्या जागेवरच राहतात तेथेच काम चालू ठेवावे, सामानाची ने-आण सोडता बाहेर ये-जा होऊ देऊ नये. सर्वांनी शक्य तितक्या लवकर लस घ्यावी आणि तोवर बाधा नसल्याचे, पंधरा दिवस ग्राह्य धरले जाणारे प्रमाणपत्र जवळ बाळगावे. नियम मोडल्यास विकासकास दहा हजार रुपये दंड व्हावा, असे त्यात म्हटले होते. आणि शेवटी असे की, एखादा मजूर बाधित आढळल्यास त्यास वैद्यकीय रजा द्यावी, त्या कारणाने कामावरून कमी करू नये, आणि तो आजारी पडला नसता तर जी मजुरी त्याने मिळविली असती ती पूर्ण मजुरी त्यास द्यावी.

हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. रोजंदारीवरील बांधकाम मजुराला आजारपणाची भरपगारी रजा द्यावी, असे इतक्या स्वच्छ शब्दांत सांगणारा शासकीय आदेश त्यापूर्वी माझ्या पाहण्यात आला नव्हता. तत्त्व म्हणून ते वाक्य अगदी बरोबर होते. व्यवहारात ते जवळजवळ निर्जीव राहिले. ते का राहिले, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण साथ गेली असली तरी पुढची साथ येणार नाही, अशी हमी कोणी दिलेली नाही.

त्या दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या मागील बाजूस नव्या वर्गखोल्यांचे काम चालू होते. वर्ग बंद होते. आम्ही अध्यापक पाळीपाळीने कार्यालयीन कामासाठी जात असू. कुंपणाच्या भिंतीला लागून पत्र्याच्या चार खोल्या उभ्या केल्या होत्या आणि त्यांत पंचविसेक माणसे राहत होती. त्यांचे मुकादम नांदेडकडचे, पन्नाशी उलटलेले गृहस्थ. दुपारी ते आमच्या व्हरांड्यात पाणी भरावयास येत. एके दिवशी मी त्यांना आदेशातील हे कलम मोठ्या उत्साहाने वाचून दाखविले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, कागद चांगला आहे. पण ताप आला म्हणून सांगितलं की खाडा पडतो. खाडा पडला की खर्ची तुटते. मग सांगतंय कोण? फाटकावर ती बंदूक कपाळाला लावतात ना, त्याच्या आधी गोळी खाऊन येतात पोरं."

मुकादमांच्या या चार वाक्यांत जे अर्थशास्त्र आहे ते थोडे उलगडून सांगावयास हवे. बांधकामावरील मजुराचा रोज ठरलेला असतो. आमच्या भागात त्या वर्षी बिगाऱ्याची हजेरी साडेचारशेच्या आसपास होती, गवंड्याची त्याहून बरीच अधिक. परंतु ती रोजच्या रोज हातात पडत नाही. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी मिळते ती 'खर्ची', म्हणजे मीठमिरचीपुरती रक्कम. उरलेले मुकादमाच्या वहीत जमा राहते आणि काम संपल्यावर, किंवा सणाला गावी जाताना, हिशेब होतो. पुष्कळांनी गावाहून निघतानाच उचल घेतलेली असते, ती त्यातून वळती होते. म्हणजे मजुराचे पैसे नेहमी दुसऱ्याच्या हाती अडकलेले असतात, आणि ज्या दिवशी तो कामावर उभा राहत नाही त्या दिवशी खर्चीही अडते. अशा माणसाला 'अंगात कसकस वाटल्यास घरीच थांबा' हा उपदेश करणे म्हणजे त्याने स्वतःच्या खर्चाने इतरांचे रक्षण करावे, असे सांगणे होय.

अर्थशास्त्राच्या वर्गात 'बाह्य परिणाम' शिकविताना आम्ही पिढ्यानपिढ्या कारखान्याच्या धुराचे उदाहरण देत आलो आहोत. धूर सोडणाऱ्याला फायदा, खोकला मात्र शेजाऱ्याला. वस्तुतः साथीच्या काळातील मजुराचा ताप हे त्याहून चांगले उदाहरण आहे. तापकऱ्याने सात दिवस खोलीबाहेर न पडणे याचा सारा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी, आणि सारा लाभ मात्र खोलीतील इतर सहा जणांना, मुकादमाला, विकासकाला, रस्त्यापलीकडच्या सोसायटीला आणि आपणा सर्वांना. ज्या कृतीचा खर्च एकाने सोसावयाचा आणि लाभ साऱ्यांनी घ्यावयाचा, ती कृती पुरेशी घडत नाही. यात मजुराच्या अज्ञानाचा प्रश्नच येत नाही. त्याच एप्रिलात मलाही बाधा झाली. मी सतरा दिवस घरी पडून होतो. महिनाअखेर माझे वेतन एक रुपयाही कमी न होता बँकेत जमा झाले. मी घरी राहिलो ही माझी नागरी जाणीव, आणि मुकादमांचे पोर गोळी खाऊन स्लॅबवर चढले हा त्याचा बेजबाबदारपणा, असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

मग शासनाने पूर्ण मजुरी द्यावयास सांगितलीच होती, तर अडले कोठे? अडले ते 'कोणी द्यावयाची' या ठिकाणी. बांधकामात मालक नावाची एक व्यक्ती नसते. एक साखळी असते. विकासक मुख्य ठेकेदाराला काम देतो. तो सेंट्रिंगचे एकाला, सळईचे दुसऱ्याला, विटकामाचे तिसऱ्याला. आणि त्या पोटठेकेदारांच्या हाताखाली मुकादम. दंड विकासकास होणार; पण प्रत्यक्ष मजुरी ज्याच्या खिशातून जाते तो मुकादम स्वतःच एखाद-दुसरे बिल थकले की पुन्हा थापी हाती घेणारा माणूस. सात मजूर बाधित निघाले तर चौदा दिवसांची त्यांची मजुरी त्याने कोठून आणावयाची? तेव्हा त्याचे हित कशात, तर कोणी बाधित न 'निघण्यात'. मजुराचे हितही तेच. ज्या नियमामुळे सांगणारा आणि ऐकणारा अशा दोघांचेही नुकसान होते, तो नियम दोघे मिळून गप्प राहून पाळतात. चाचणीचे प्रमाणपत्र हाही असाच प्रकार. प्रयोगशाळेतील चाचणीचा दर राज्याने त्या वेळी पाचशे रुपयांवर आणला होता, हे स्वागतार्हच. परंतु पंधरा दिवसांनी एक म्हणजे महिन्याला हजार रुपये, अर्थात बिगाऱ्याच्या दोन हजेऱ्यांहून अधिक. आणि लसीचे म्हणाल, तर आदेश निघाला तेव्हा लस ४५ वर्षे व त्यावरील वयाच्यांनाच मिळत होती. त्याखालच्या प्रौढांना ती १ मे २०२१ पासून खुली झाली. स्लॅबवर चढणाऱ्यांत पंचेचाळिशीपुढचे कितीसे असतात?

दुसरा प्रश्न खोलीचा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १५ एप्रिल २०२० च्या आदेशातही शहरांतील बांधकामांना हीच अट होती: मजूर जागेवरच उपलब्ध असावेत, बाहेरून आणू नयेत. रोग बाहेर असतो आणि कुंपणाच्या आत माणूस सुरक्षित असतो, हे या अटीमागील गृहीत. ते अर्धेच खरे आहे. उघड्यावर वीट रचणाऱ्याला वीट रचताना फारसा धोका नसतो. धोका असतो तो खोलीत, सामान व माणसे वर नेणाऱ्या पाळण्यात, आणि एका टेम्पोत वीस माणसे उभी राहतात तेव्हा. आमच्या मागील त्या पत्र्याच्या खोल्या दहा बाय दहाच्या. एकेकीत सहा-सात जण. नळ एक, संडास दोन. गंमत अशी की, एप्रिलच्या उकाड्यात पत्र्याखाली झोपणे अशक्य म्हणून ती माणसे उघड्या मैदानात झोपत, आणि ठेकेदाराने आणून ठेवलेल्या जंतुनाशकाच्या बाटलीपेक्षा हा उकाडाच त्यांना अधिक उपकारक ठरला असावा. जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळे आत गेले.

कुंपणाच्या आत साथ शिरली की काय होते, हे आपल्यापेक्षा कितीतरी सधन व शिस्तशीर अशा सिंगापूरच्या अनुभवावरून कळते. तेथील उंच इमारती आणि भुयारी रेल्वे बांधणारे हात बव्हंशी बांगलादेशाचे, तामिळनाडूचे, चीनचे. या व इतर उद्योगांतील सुमारे सव्वातीन लाख परदेशी कामगार वसतिगृहांत राहत. एकेका खोलीत बारा ते वीस खाटा. ५ एप्रिल २०२० रोजी तेथील शासनाने दोन वसतिगृहे, सुमारे वीस हजार माणसांसह, बंद केली; पुढे इतरही. त्या वर्षअखेर शासनानेच आकडे प्रसिद्ध केले: वसतिगृहांतील ४७ टक्के कामगारांना संसर्ग होऊन गेला होता. हे सारे कामगार जागेवरच होते. बाहेर पडत नव्हते. तेथील शासनाला यातून जो धडा मिळाला तो खाटांच्या संख्येचा. नव्या मानकांत खोलीत दहाहून अधिक खाटा नकोत आणि दर माणशी किमान सहा चौरस मीटर जागा हवी, असे ठरले. एका कामावरील माणसे शक्यतो एकत्र राहावीत, त्यांची ठरावीक दिवसांनी चाचणी व्हावी, अशी व्यवस्था करून मगच कामे पुन्हा सुरू करण्यात आली. मृत्यू तेथे फार थोडे झाले, हेही सांगावयास हवे. कामगार तरुण होते आणि औषधोपचार तत्पर होता.

आपल्याकडे खोलीविषयी कायदा नव्हता असे नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्याने मालकावर असे बंधन घातले होते की, काम चालू असेतोवर मजुरांना कामाच्या जागी किंवा जवळ विनामूल्य तात्पुरता निवारा द्यावा आणि त्यात स्वयंपाकाची, स्नानाची, धुण्याची व शौचाची सोय वेगळी असावी. पिण्याच्या पाण्याची जागा मोरी वा संडासापासून सहा मीटरच्या आत नसावी, इतका बारकावा त्यात होता. कायदा करणाऱ्यांनी कामगारवस्ती पाहिलेली होती, हे त्या सहा मीटरवरून दिसते. पण २९ जून २०१९ रोजी पुण्यात कोंढवा येथे एका सोसायटीची संरक्षक भिंत कोसळून तिच्या पायथ्याशी झोपलेले किमान पंधरा मजूर व त्यांची मुले दगावली. तेव्हा साथ नव्हती. निवारा म्हणून भिंतीचा आडोसा चालतो, असे ज्या व्यवसायात धरले जाते तेथे साथ आल्यावर एकाएकी दोन खाटांतील अंतर मोजले जाईल, ही अपेक्षाच व्यर्थ.

मजूर गावी का धावले, याचेही उत्तर याच दोन गोष्टींत आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांत ती अमलात आली. पुढे २९ एप्रिलला तेलंगणातील कंदी येथे आय.आय.टी.च्या संकुलाचे काम करणारे मजूर रस्त्यावर आले. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, थकलेली मजुरी द्या आणि घरी जाऊ द्या. १ मेला लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाकडे पहिली श्रमिक विशेष गाडी निघाली. उलट ५ मेला कर्नाटक शासनाने, मुख्यमंत्री व बांधकाम व्यावसायिक यांच्या बैठकीनंतर, अशा गाड्यांची मागणीच मागे घेतली. टीका झाल्यावर दोन दिवसांत निर्णय फिरवावा लागला. मजूर निघून गेला तर बांधकाम थांबेल ही व्यावसायिकांची चिंता खोटी नव्हती. पण माणूस राहावा म्हणून त्याची गाडी अडवावयाची की त्याला राहणे परवडेल असे करावयाचे? १८९६-९७ च्या मुंबईतील प्लेगात गिरण्यांचे कामगार असेच पळू लागले, तेव्हा एरवी मजुरी अडवून ठेवणाऱ्या गिरणीमालकांना ती रोजच्या रोज हातावर ठेवणे भाग पडले होते. त्या प्लेगासाठी झालेला १८९७ चा साथरोग कायदा आपण मार्च २०२० मध्ये तत्परतेने बाहेर काढला. रोजच्या मजुरीची आठवण मात्र कोणाला झाली नाही.

आता पैशाविषयी. आपल्याकडच्या बहुतेक सामाजिक योजना पैसा नाही म्हणून अडतात. येथे तसे नाही, हीच खरी खेदाची बाब. १९९६ च्याच दुसऱ्या एका कायद्याने बांधकामखर्चावर एक ते दोन टक्के उपकर बसविला. प्रत्यक्षात तो एक टक्का घेतला जातो आणि राज्यांच्या कल्याणकारी मंडळांकडे जमा होतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये या कायद्यांच्या अंमलबजावणीविषयी निकाल दिला, तेव्हा सदतीस हजार कोटींहून अधिक रक्कम गोळा झाली होती आणि खर्च झाले होते सुमारे साडेनऊ हजार कोटी. त्यातही काही पैसा धुलाईयंत्रे व लॅपटॉप यांवर गेल्याचे न्यायालयापुढे आले. पत्र्याच्या खोलीत धुलाईयंत्र कोठे ठेवावयाचे, हे मंडळांनाच ठाऊक. टाळेबंदीच्या दिवशीच केंद्रीय श्रममंत्र्यांनी राज्यांना या निधीतून मजुरांच्या खात्यांत थेट मदत जमा करण्याची सूचना केली, तेव्हा उपलब्ध रक्कम सुमारे ५२ हजार कोटी आणि नोंदणीकृत मजूर सुमारे साडेतीन कोटी असल्याचे सांगण्यात आले होते.

महाराष्ट्राने एप्रिल २०२० मध्ये सुमारे बारा लाख नोंदणीकृत मजुरांना दोन हजार रुपये, आणि एप्रिल २०२१ मध्ये दीड हजार रुपये जाहीर केले. ते ज्यांना मिळाले त्यांची थोडीफार चूल त्यावर पेटली. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हे साहाय्य होते, आजारपणाची मजुरी नव्हे, आणि या दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. दीड हजार रुपये म्हणजे तीन हजेऱ्या आणि वर थोडे. ते निरोग्यालाही मिळणार आणि तापकऱ्यालाही. म्हणून अंगात ताप असताना सकाळी आठ वाजता फाटकाकडे जावे की खोलीत पडून राहावे, या निर्णयावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. शिवाय नोंदणीसाठी वर्षातून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभा राहून आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्याला हा दाखला कोण देणार? आमच्या मागील पंचविसांपैकी नोंदणी झालेले किती, असे मी विचारले तेव्हा मुकादमांनी दोन बोटे दाखविली.

माझे म्हणणे साधे आहे. साथ अधिसूचित झाली की, ज्या बांधकामाने उपकर भरला आहे त्या जागेवरील कोणाही मजुराला, त्याचे नाव मंडळाच्या यादीत असो वा नसो, शासकीय दवाखान्याने विलगीकरण सांगितलेल्या दिवसांची किमान वेतनाइतकी मजुरी या निधीतून मिळावी. आणि दाखला दवाखान्याचा असावा, मुकादमाचा नव्हे. फळ्यावरचे गणित करून पाहा. दहा कोटींच्या इमारतीवर एक टक्का म्हणजे दहा लाख. साडेचारशेप्रमाणे चौदा दिवसांचे होतात सहा हजार तीनशे. त्या एका इमारतीच्या उपकरातून दीडशेहून अधिक आजाऱ्यांची मजुरी निघते. तेवढी माणसे त्या कामावर असतीलच असे नाही. निधीला शिष्यवृत्ती, अपघात-साहाय्य अशी इतर कामे आहेत हे खरे. पण साथ दरवर्षी येत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. लोक खोटे आजार सांगतील, हा पहिला. काही सांगतीलही. परंतु संघटित क्षेत्रातील विमाधारक कामगारास १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळत आली, त्याने कारखाने बंद पडले नाहीत. आणि साथीत खोटा आजारी घरी बसल्याने होणारे नुकसान खरा आजारी कामावर आल्याने होणाऱ्या नुकसानीच्या पासंगालाही पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करावा असा आहे: अनेक मालकांकडे काम करणाऱ्या माणसाचा हिशेब मंडळ ठेवू शकेल काय? महाराष्ट्राने तरी ही शंका काढू नये. १९६९ च्या माथाडी कायद्याने, रोज नव्या पेढीचे पोते उचलणाऱ्या हमालाची मजुरी मालकाने मंडळाकडे भरावी, वर लेव्ही द्यावी आणि मंडळाने ती कामगाराला पोचवावी, ही व्यवस्था येथेच प्रथम उभी राहिली. तिच्यात दोष शिरले. पण ती चालली. १९९६ च्या कायद्यांची जागा आता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी घेतली आहे. उपकर त्यांत कायम आहे. तेव्हा ही तरतूद करावयास निधी नव्याने शोधावा लागणार नाही.

आमच्या वर्गखोल्यांचे काम पुढे पूर्ण झाले. दुसऱ्या लाटेत त्या खोल्यांतील तिघे जण एका रात्री निघून गेले. ताप होता की भीती, हे मुकादमांनाही सांगता आले नाही. त्यांच्यापैकी एकाचा हिशेब राहिला होता. जाण्यापूर्वी मुकादमांनी मला हजेरीची वही दाखविली. नावांपुढे उभ्या रेघा होत्या, अर्ध्या दिवसाला अर्धी रेघ. त्या पोराच्या नावापुढे शेवटच्या आठवड्यात पाच रेघा आणि मग दोन शून्ये होती. "ही दोन शून्यं पडली तेव्हा तो खोलीत झोपून होता," मुकादम म्हणाले, "आणि त्याच्या आधीच्या पाच रेघांचं मला विचारू नका."